पीठ पडत नाही

आमच्या लहानपणी फुंकायची वाद्यं फुकट मिळत. पहिला पाऊस पडून उकिरड्यावरच्या आंब्याच्या कोयींना कोंब फुटले, की त्यातली एक उचलायची, वरचं टणक कवच काढून टाकायचं, आतली बी एका बाजूने दगडावर घासायची आणि फुंकायचं. झाली पुंगी. पपईच्या पानाचा देठ आयताच पोकळ, त्याला चीर दिली की पिपाणी. जत्रेतल्या पिपाणीला मात्र पैसे पडत आणि घरी पोचेपर्यंत कोणीतरी वडीलधारं माणूस बैलगाडीत तिच्यावर बसलेलं असे. गाजराच्या पुंगीबद्दल सगळेच बोलतात. मी ती वाजलेली कधी ऐकली नाही, मोडून खाल्लेलीच पाहिली.

एवढ्या पूर्वानुभवाच्या जोरावर मी वयाच्या ५९व्या वर्षी बासरी शिकायला निघालो.

निमित्त न्यूमोनियाचं. बरा झालो तेव्हा डॉक्टरांनी तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, चेंडू वर चढतात, सोडला की खाली पडतात. दिवसातून चार वेळा. सगळी नोकरी हिशेब खात्यात काढल्यामुळे काहीतरी वर न्यायचं आणि पुन्हा खाली आणून ठेवायचं, यात मला वावगं काही वाटलं नाही. पण मुलीला बघवेना. ती म्हणाली, "बाबा, एवढा श्वास खर्च करताच आहात, तर त्यातून काहीतरी सूर तरी निघू दे."

बासरी घेतली ती गणपतीच्या गर्दीत, लक्ष्मी रोडवर. खांद्यावर काठी, काठीला साळिंदराच्या काट्यांसारख्या खोचलेल्या बासऱ्या आणि तोंडाने अखंड चाललेलं सिनेगीत, असा एक माणूस पुण्याच्या प्रत्येक गर्दीत असतोच. ८० रुपये म्हणाला, ६० ला दिली. घरी आणून फुंकली तर तिच्यातून फक्त मी बाहेर आलो, म्हणजे माझा श्वास. बायको म्हणाली, "अहो, तो वाजवत होता ती मागायची." मी मागितली होती. या धंद्यातला प्रत्येक माणूस ती एक सोडून बाकी सगळ्या विकतो.

मग रीतसर क्लास लावला. शिकवणारा मुलगा २६ वर्षांचा. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका म्हणतो. सरांनी माझी बासरी हातात घेतली, एका डोळ्याने तिच्या आत पाहिलं आणि म्हणाले, "काका, ही शोकेसमध्ये छान दिसेल." मग त्यांनी मला पांढरी पाचची बासरी घ्यायला लावली. पेटीच्या पट्ट्यांवरून बासरीची पट्टी सांगतात, हे मला तिथे कळलं. बासऱ्या बनवणारं गाव म्हणून उत्तर प्रदेशातलं पिलिभीत प्रसिद्ध आहे, आणि बांबू तिथला नाही, आसामकडून येतो. एवढ्या लांबचा प्रवास करून आलेली वस्तू कोथरूडला येऊन मुकी झाली.

चार दिवस आवाजच आला नाही. तोंडाने वाजवायची बासरी दोन तऱ्हेची असते. गुराख्यांचा पावा उभा धरतात, त्याच्या तोंडाशी हवा नेमक्या कडेवर आपटेल अशी खाच केलेली असते, त्यामुळे फुंकलं की वाजलंच. आडव्या बासरीत ती खाच म्हणजे आपले ओठ. हवेची पातळ पट्टी करून ती भोकाच्या पलीकडच्या कडेवर आदळवायची. अर्धी आत जाते, अर्धी बाहेर जाते आणि या दोघींच्या भांडणातून सूर निघतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकणं हे याचंच बालवाडीतलं रूप. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पट्टी पातळ होत होती, कडेवर आदळतही होती, भांडण तेवढं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको पदराने नाक धरून बाहेर आली. "अहो, आधी खिडक्या उघडा, गॅस सुटलाय बहुतेक." सिलिंडर बंद केला, रेग्युलेटर काढला, पाण्यात साबण कालवून रबरी नळीला लावून पाहिला, बुडबुडे नाहीत. मी पुन्हा खोलीत जाऊन सरावाला बसलो आणि ती दारात उभी राहून म्हणाली, "हां. सापडला."

तिसऱ्या दिवशी चक्कर आली. जोरजोरात फुंकलं की येते म्हणे. तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. बासरीला शास्त्रीय संगीताच्या बैठकीत मानाची जागा मिळवून दिली पन्नालाल घोषांनी. त्यांना तरुणपणी व्यायामाचा आणि मुष्टियुद्धाचा नाद होता. हरिप्रसाद चौरसियांचे वडील अलाहाबादचे पैलवान, मुलाला आखाड्यात उतरवायला निघालेले. लोक बासरी म्हटलं की मोरपीस, यमुनातीर आणि गाय डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात हे काम तालमीतल्या माणसांचं आहे. हरिप्रसादजी तर अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा आपण पहिल्यापासून सुरुवात करायला तयार आहोत हे पटवण्यासाठी बासरी धरायची बाजूच बदलून बसले, म्हणतात. हे वाचून मी सरांना विचारलं, मीही बाजू बदलून पाहू का? सर म्हणाले, "काका, आधी एका कुठल्यातरी बाजूने वाजू दे."

पाचव्या दिवशी वाजली. पण तिला लागते तेवढीच हवा देता येत नव्हती, त्यामुळे वाजे ती थेट वरच्या सप्तकात. जास्त जोराने फुंकलं की बासरी सूर सोडून वरच्या मजल्यावर उडी मारते. आमच्या खालच्या मजल्यावर मात्र याचा वेगळाच परिणाम झाला. बेल वाजली, खालच्या काकू दारात उभ्या. हातात वाटी, वाटीत तुरीची डाळ.

"भाऊ, ही दाबून बघा."

मी दाबून पाहिली. दाणा दबेना.

"तीन शिट्ट्या मोजून कुकर उतरवला मी. आज तीस वर्षं तीनच शिट्ट्या करते. मग ही कच्ची कशी?"

हिशेब माझ्या लगेच लक्षात आला. दोन शिट्ट्या कुकरच्या होत्या. तिसरी माझी. मी काकूंची माफी मागितली आणि सकाळी दहा ते साडेअकरा बासरीला हात लावणार नाही असं कबूल केलं. काकू जाताना म्हणाल्या, "तशी आवाजाला दणकट आहे हो तुमची बासरी." माझ्या वादनाला मिळालेली ही पहिली दाद.

दोन महिन्यांत सा रे ग म आटोक्यात आलं. वरची तीन भोकं बंद केली की सा. एकेक बोट उचलत गेलं की पुढचे सूर, कोमल सुरांना भोक अर्धवट झाकायचं. अर्धवट काम करायची मला नोकरीतून सवय होती, तरी ही बोटं ऐकेनात. हवामानाचा त्रास वेगळाच. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो, २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने जास्त. त्यामुळे तीच बासरी जानेवारीच्या पहाटे उतरते आणि मेच्या दुपारी चढते. मी हिशेब मांडून पाहिला. १५ आणि ३५ अंशांत जवळजवळ साडेतीन टक्के फरक पडतो, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. हा कागद मी सरांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "काका, तुमचा बेसूर यापेक्षा मोठा आहे."

मग ते म्हणाले, आता एखादी धून बसवू, काय घेऊ या? उत्तराची वाट न बघता त्यांनी वही उघडली होती, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. महाराष्ट्रात बासरी हातात धरणाऱ्या शंभरातल्या नव्वद माणसांना १९८३च्या 'हीरो' सिनेमातली ती धून वाजवायची असते, उरलेल्या दहांना ती यायला लागलेली असते.

मी म्हणालो, "सर, मला जात्यावरची ओवी वाजवायची आहे."

माझी आजी पहाटे चारला दळायला बसायची. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला, आणि दुमडलेल्या पायाच्या मांडीवर माझं डोकं. ती मांडी हलायची, जातं घरघरायचं आणि वरून तिची ओवी चालू असायची. शब्द मला फारसे आठवत नाहीत. त्यात माहेर होतं, भाऊ होता, पंढरपूर होतं. चाल मात्र अशी बसली आहे की आजही भूल दिली तर मी दहा, नऊ, आठ असे आकडे न म्हणता तीच गुणगुणेन. विशेषतः ओळीच्या मध्यावर तिचा आवाज एक बारीकसा हिसका घेई आणि पुढे जाई. ती जागा काय सुंदर होती!

सरांना मी ती गुणगुणून दाखवली. त्यांनी दोनदा ऐकून वहीत लिहून दिली. सा, रे, ग आणि खालचा एक नि. बस्स, चार सूर. शेवटच्या अक्षरावर दोन मात्रा थांबायचं. मधल्या हिसक्यावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'मुरकी'. म्हणाले, "काका, दहा मिनिटांचं काम आहे."

तीन महिने लागले. त्यातले अडीच मुरकीला. ती मुरकी मी चालता चालता घोटली, लिफ्टमध्ये घोटली, बँकेच्या रांगेत हवेत बोटं नाचवून घोटली. समोरचा कॅशिअर, मी टोकन नंबर खुणेने विचारतोय असं समजून, तीन बोटं दाखवायला लागला. शेवटी जमली. मी मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं आणि गावी, कोरेगाव तालुक्यात, आत्याला पाठवलं. आत्या ८३ वर्षांची. आजीची ही चाल ठाऊक असलेलं आता तेवढंच माणूस उरलंय. तिची नात मोबाईल तिच्या कानाशी धरते.

तासाभराने आत्याचा आवाज आला. "ऐकलं रे. आईचीच चाल हाय. समदं बरोबर हाय. पर पीठ पडंना बघ."

पुढे दोन मिनिटं नुसता कोंबड्यांचा आवाज. नात मोबाईल बंद करायला विसरली होती.

मला वाटलं, शब्दांवाचून चाल आत्याला ओकीबोकी वाटत असेल. म्हणून मी अभ्यास केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर त्या वाचायला मिळतात आणि बऱ्याच मूळ आवाजांत ऐकायलाही. मी आठ-दहा रात्री हेडफोन लावून ऐकत बसलो. या बायका चालीला 'गळा' म्हणतात. फार छान शब्द. गाव बदललं की गळा बदलतो, कधी एकाच घरातल्या सासू-सुनेचे गळे दोन. आजीचा गळा मला कुठे सापडला नाही, पण एक गोष्ट मात्र खटकत राहिली. यातल्या कुठल्याच बाईने शेवटच्या अक्षरावर मोजून दोन मात्रा घेतल्या नव्हत्या. कधी अर्धी, कधी पाच. हिशेबनिसाला हे सहन होत नाही. मी गाडी पकडली.

आत्याच्या पडवीत जातं अजून आहे. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला, आता हे जातं डाळी भरडायला, मेतकुटाला आणि लग्नात हळद दळायला निघतं. "वाजीव बघू," आत्या म्हणाली. मी वाजवली. मुरकी अशी पडली की सरांनी पाठ थोपटली असती. आत्याने सूप जवळ ओढलं, त्यात दोन ओंजळी ज्वारी टाकली, एक पाय पसरला आणि उजव्या हाताने खुंटा धरला.

"आता हिकडं बघ."

मी बघितलं. खुंटा पुढे ढकलताना ओवी पुढे जात होती आणि अंगाकडे ओढताना आत्याची छाती दाबली जाऊन आवाज किंचित खाली बसत होता. सरांच्या वहीतला तो खालचा नि म्हणजे आत्याचं कोपर. ओळ संपली की डावा हात सुपात जाई, मूठभर ज्वारी उचली, जात्याच्या तोंडात सोडी, आणि तोवर शेवटचं अक्षर लांबत राही. मूठ रिकामी झाली की अक्षर तुटे आणि आत्या श्वास घेई. मूठ मोठी तर सूर लांब, मूठ लहान तर आखूड. दोन मात्रा कुठल्या? ती वैरण होती. मी तीन महिने ज्वारी मोजत बसलो होतो आणि तीही न बघता.

पण आत्याच्या ओवीत ती मधली जागा आली नाही. एकदा नाही, दोनदा नाही, दहा ओव्यांत नाही. मी तिला थांबवलं. "आत्या, आजी इथे एक मुरकी घ्यायची बघ. अशी." मी वाजवून दाखवली.

आत्या खुंट्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत होती आणि नात आतून पळत आली.

"आरं, ती मुरकी न्हवं. ते आमचं जुनं जातं तिथं अडायचं. टाकी लावायला मानूस बोलवावा तर त्येला शेर-अदपाव धान्य द्यावं लागायचं. मग आई तशीच रेटायची. रेटलं की आवाजाला हिसका बसायचा."

माझी अडीच महिन्यांची साधना ही एका नादुरुस्त जात्याची नक्कल होती. सरांना हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तोवर आत्याने मला खुंट्याशी बसवलं. "ठेव ती नळी. आधी दळ." बासरीला दोन्ही हात लागतात आणि जात्यालाही, तेव्हा वाजवणं शक्यच नव्हतं. आत्या म्हणाली, "मग म्हन तोंडानं." दहा मिनिटांत उजवा खांदा भरून आला. चेंडूंच्या यंत्राने जे सहा महिन्यांत घडलं नव्हतं ते जात्याने घडवलं, माझा श्वास आपोआप फेऱ्याला बांधला गेला, कारण न बांधता फेरा पुरा होईना. कधी ओढायचा, कधी सोडायचा, हे कोणी सांगायला लागलं नाही. वैरण टाकताना मात्र निम्मी ज्वारी जात्याबाहेर पडे आणि ती टिपायला कोंबड्या अगदी ताल धरून येत.

खाली जे काही पडलं ते आत्याने चिमटीत घेऊन पाहिलं. "भरडा हाय. कोंबड्यांस्नी घालू."

परत आल्यावर सरांना सगळं सांगितलं. ते वही उघडून बराच वेळ त्या 'मुरकी' शब्दाकडे बघत बसले. मग म्हणाले, "काका, ठेवायची की काढायची?" मी म्हटलं, ठेवू. आजीच्या जात्याला टाकी कधी लागलीच नाही, आता मी कशाला लावू. दोन मात्रा मात्र त्यांनी स्वतःच खोडल्या आणि त्या जागी कंसात लिहिलं, 'मूठभर'. त्यांच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आता मी पहाटे वाजवतो, म्हणजे काकूंच्या डाळीला धक्का नाही. पाटावर बसतो, एक पाय पसरून, बसल्या जागी कमरेतून डोलत. बायकोने पहिल्या दिवशी दिवा लावून पाहिलं आणि काही न बोलता दिवा मालवून झोपली. गेल्या आठवड्यात आत्याला पुन्हा पाठवलं. या वेळी उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आधी कोंबड्या, मग नातीचं 'बोल की आजी', मग आत्या.

"पडतंय रं आता. जाडंभरडं येतंय, पर पडतंय."